आधी एमआरआय, मग ऑपरेशन

काकीला संडासवाटे रक्त पडतंय, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. काका, दोन मुलगे, सुना, नातवंडं असं भरलेलं घर. त्यात असलं दुखणं सांगायचं कोणाला? शेजारणीच्या कानावर घातलं तर तिने मूळव्याध ठरवून टाकली. मग गावातल्याच एकाकडची पुडी ताकातून सुरू झाली. रक्त थोडे दिवस थांबायचं, पुन्हा यायचं. पावसाळाभर चिखलात लावणी केली, भातकापणीही केली. मी महाडला शाळेत शिकवते. दिवाळीला पोलादपूरला घरी गेले तेव्हा तिचा ब्लाउज दंडावर सैल पडलेला दिसला. मागच्या पडवीत नेऊन विचारलं, तेव्हा बोलली, "सारखं जावंसं वाटतं गं. जाऊन आलं तरी पोट मोकळं झालंसं वाटत नाही."

महाडच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर हातमोजा घालून बोटाने तपासलं. मिनिटभराची तपासणी. आतमध्ये, बोट पोहोचेल इतक्या अंतरावर, कडक गाठ लागत होती. पुढे दुर्बीण झाली, तुकडा तपासायला गेला, आणि गुदाशयाचा कॅन्सर असल्याचं कागदावर आलं.

त्यानंतर एका ठिकाणी सीटी स्कॅन झाला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, पसरलेला नाही, लगेच ऑपरेशन करून टाकू, संडासाची पिशवी मात्र पोटावर कायमची राहील. घरात सगळ्यांना तेच पटलं. गाठ काढली की सुटलो, ही आपल्याकडची समजूत. फक्त काकीचा मुंबईतला थोरला दीर अडून बसला की, आधी टाटाला दाखवू. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी सगळे कागद चाळले आणि पहिला प्रश्न केला, "एमआरआय कुठे आहे?"

काका वैतागले. "सीटी झाला, तुकडा झाला, आता आणखी एक मशीन कशाला? यांचं कमिशन असणार." त्यांना रागावण्यात अर्थ नव्हता, कारण ही शंका हवेतली नाही. महाडचेच डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या उपचारांसाठी जगभर नावाजलेले. २०१३ साली त्यांनी एका रुग्णाला एमआरआयसाठी पाठवलं, तर पुण्याच्या एका तपासणी केंद्राने त्यांनाच १,२०० रुपयांचा चेक पाठवला. त्यांनी तो परत केला आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. आमच्या भागातल्या माणसांना ही गोष्ट ठाऊक आहे. म्हणून मी काकांना गप्प बसवलं नाही. डॉक्टरांनाच विचारलं, की या तपासणीतून असं काय कळणार आहे, जे अजून कळलेलं नाही?

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. कॅन्सर आहे की नाही हे तुकड्याच्या तपासणीवरून ठरतं. ते काम एमआरआयचं नव्हे. यकृतात, फुप्फुसात पसरलाय का, हे सीटी सांगतो. पण गुदाशय कटीच्या हाडांच्या अरुंद जागेत बसलेला असतो. त्याच्या भिंतीचे थर, भोवतीची चरबी आणि त्या चरबीला बाहेरून गुंडाळणारा पातळ पडदा सीटीमध्ये नीट वेगळे दिसत नाहीत. एमआरआयमध्ये दिसतात. गाठ भिंतीतच आहे, की भिंत फोडून चरबीत गेली, पडद्यापासून किती लांब आहे, भोवतीच्या लसिकाग्रंथी आणि रक्तवाहिन्यांत शिरली का, गुदद्वाराच्या स्नायूंपासून किती वर आहे, हे सगळं त्यात मोजता येतं. ऑपरेशन आधी की लाइट (म्हणजे रेडिएशन) आधी, हे त्यावर ठरतं.

तपासणीच्या दिवशी अंगावर धातूचं काही चालत नाही. मशीन म्हणजे प्रचंड ताकदीचा चुंबक. म्हणून शरीरात पेसमेकर किंवा कुठली पट्टी, स्क्रू असेल तर आधी सांगायचं. काकीच्या पायांतली जोडवी लग्नापासून निघालेली नव्हती. साबणाचा फेस करून एकेक बोट चोळत काढली. मंगळसूत्रावर मात्र ती अडली. शेवटी काकांनी बाहेरच्या दुकानातून हळकुंड आणलं, सुती दोऱ्यात बांधलं आणि तिच्या गळ्यात घातलं. टेक्निशियनने पाहिलं, दोऱ्याला हात लावून खात्री केली आणि "चालेल, मावशी" म्हणाला. आतडी हलू नयेत म्हणून एक इंजेक्शन दिलं. अर्धा-पाऊण तास न हलता पडून राहायचं. ठकठक, घरघर असा मोठा आवाज होतो, म्हणून कानांत बोळे देतात. दुखत काहीच नाही, आणि यात क्ष-किरणही नसतात.

रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. चरबी पांढरट, भिंतीचा स्नायू काळा आणि गाठ या दोन्हींच्या मधल्या राखाडी रंगाची. काळी भिंत एका बाजूला तुटलेली होती आणि राखाडी डाग पांढऱ्या चरबीत घुसला होता. त्याच्याही बाहेर केसासारखी एक काळी रेघ गोल फिरत होती. तोच तो पडदा. एके जागी डाग त्या रेघेला जवळजवळ टेकलेला. अंतर १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल, तर रेघ धोक्यात आहे असं मानतात. काकीचं तेच होतं. तेव्हाच थेट ऑपरेशन केलं असतं तर कॅन्सरच्या पेशी कडेला मागे राहण्याची आणि तिथेच पुन्हा गाठ येण्याची भीती होती.

नंतर मी याबद्दल वाचलं. इंग्लंडमधले शल्यविशारद बिल हील्ड यांनी १९८२ साली मांडलं की गुदाशय एकटा न काढता भोवतीच्या चरबीसकट, पडदा न फाडता, अखंड काढायला हवा. त्यामुळे गाठ पुन्हा येण्याचं प्रमाण खूप घटलं. पण पडदा शाबूत आहे का, हे चाकू लावण्याआधी कळायचं कसं? २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मर्क्युरी या अनेक हॉस्पिटलांच्या अभ्यासाने दाखवून दिलं की एमआरआय ते आधीच विश्वासाने सांगू शकतो. म्हणजे काकांना जी जादाची तपासणी वाटत होती, तिच्यावरच पुढचं सगळं उभं होतं.

काकीला आधी लाइट आणि सोबत केमोच्या गोळ्या सुरू झाल्या. तेवढे आठवडे ती आणि काका दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिले. लाइट संपल्यावरही लगेच ऑपरेशन नाही. गाठ आक्रसायला वेळ देतात आणि मग पुन्हा एमआरआय. त्यात डाग लहान झाला होता आणि रेघेपासून मागे सरला होता. काही रुग्णांची गाठ तर पूर्ण विरघळते. अशा निवडक रुग्णांचं ऑपरेशन न करता ठरावीक काळाने दुर्बीण आणि एमआरआय करत लक्ष ठेवता येतं. ही वाट ब्राझीलच्या डॉ. अँजेलिटा हाब्र-गामा यांनी दाखवली. काकीचं ऑपरेशन करावं लागलं, पण गुदद्वाराचे स्नायू वाचले. पोटावरची पिशवी काही महिन्यांपुरती होती. ती काढून आतडं पुन्हा जोडलं. आज ती वरचेवर परसाकडे जावं लागतं म्हणून कुरकुर करते, पण शेतावर जाते.

हे सगळं लिहायचं कारण एवढंच, की महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवर अजूनही रक्त दिसलं की मूळव्याधच समजली जाते, आणि बाया तर तेही सांगत नाहीत. हा रोग आपल्याकडे तरुण वयातही होतो. म्हणून संडासवाटे रक्त पडत असेल, सवय बदलली असेल, पोट साफ झालंसं वाटत नसेल, तर पुडी बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडून बोटाने तपासून घ्या. गाठ निघाली तर घाबरून ऑपरेशनची तारीख घेऊ नका. तपासणी कशासाठी, हे डॉक्टरांना बेधडक विचारा. तो आपला हक्क आहे. आणि गुदाशयाचा कॅन्सर असताना कोणी एमआरआयशिवाय ऑपरेशन सुचवलं, तर तितक्याच बेधडकपणे विचारा की एमआरआय का नको.