मुका मध्यस्थ

आमच्या जालन्याच्या घराच्या गच्चीवर सुमारें वीस मीटर लांबीची एक तांब्याची तार ताणलेली आहे. शेजाऱ्यांच्या मतें ती धोतरें वाळविण्यास उत्तम. मला मात्र तिच्यावरून ४० मीटरच्या पट्ट्यावर लातूरच्या एका वृद्ध स्नेह्याशीं चार शब्द बोलल्याशिवाय सकाळचा चहा गोड लागत नाहीं. हौशी रेडिओचें हें वेड सरकारी परवाना घेऊन लावून घेतलेलें आहे, एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

प्रेषकयंत्राला ५० ओमचा जोडीदार हवा असतो. तार मात्र ऊन, पाऊस व लहरींची लांबी पाहून स्वभाव बदलते. मेळ बसला नाहीं कीं धाडलेली शक्ति दारावरूनच परत फिरते. म्हणून दोघांमध्यें एक मध्यस्थ बसवावा लागतो. माझा पहिला मध्यस्थ मोटारीनें फिरणाऱ्या कंडेन्सरचा होता. त्याच्या दंतचक्रांत किंचित् ढिलाई. त्यामुळें नेमकी जागा आली कीं तो ती ओलांडून जाई, परत येई, पुन्हां ओलांडी. लग्नाच्या बोलाचालींतले मामा असेच असतात.

दुसरा मीं रिलेंचा केला. सात कॉइल, सात कंडेन्सर, प्रत्येक आधल्याच्या दुप्पट. कंडेन्सर या बाजूस कीं त्या बाजूस हेंही धरलें तर ३२,७६८ जोड्या होतात. प्रत्येकीस शंभरांश सेकंद दिला तरी पांच मिनिटांहून अधिक वेळ जाईल. म्हणून आधीं ढोबळ, मग बारीक असा शोध लावला, आणि जमलेली जोडी लक्षांत ठेवण्याची सोय केली. क्षणभर टकटक होई व सुई तळाशीं जाऊन बसे. मी कृतार्थ झालों.

गेल्या पावसाळ्यांत स्नेह्याचा आवाज अंधुक येऊं लागला. माझा तर त्याला पोंचेनाच. सुई तळाशींच! दोन दिवस मीं त्याच्याच यंत्राला दोष दिला. तिसऱ्या दिवशीं त्याचा फोन आला, "रागावलांत कीं काय प्रोफेसर?" शिडी लावून वर चढलों, तों केबलच्या तोंडांत पाणी शिरून तांबें हिरवें पडलेलें. शक्ति वाटेंतच उष्णता होऊन विरत होती, आणि माझा मध्यस्थ त्या सडक्या केबलशींही गोड बोलून मेळ जमवीत होता! १९९३ सालीं किल्लारीच्या भूकंपानंतर हौशी रेडिओवाल्यांनीं निरोप पोंचविले होते. तशा घडीला माझी सुई अशीच निश्चिंत बसली असती तर? त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं.

आतां एक तांबडा दिवा बसविला आहे. कोरड्या दिवसाची जोडी यंत्र जपून ठेवतें. मेळासाठीं तिच्यापासून फार दूर जावें लागलें, कीं मेळ बसूनही दिवा लागतो. रिले त्यानें वाढले नाहींत, खर्चही नाहीं. वाढला तो माझा शिडीशीं संबंध.

परवां सकाळीं दिवा लागला. वर जाऊन पाहतों, तों एका टोकाची दोरी तुटून तार पाण्याच्या टाकीवर पडलेली. स्नेह्याशीं बोलणें अर्ध्या तासानें सुरू झालें. तोंवर चहा निवला होता.