खांदा बदला

आमच्या घरात पाळणा कधीच नव्हता. आईचं जुनं लुगडं आढ्याला बांधलं की झाली झोळी. मी त्यात वाढले, माझ्या पाठची भावंडंही त्यातच वाढली. लावणीच्या दिवसांत तीच झोळी बांधावरच्या झाडाला लागायची. आई चिखलात वाकलेली असायची, आणि पोर रडलं की एखादी म्हातारी येता-जाता झोका देऊन जायची. पोर कुणाचं हे कुणी बघत नसे.

दुसरी झोळी मोठ्यांची. जाड बांबू, त्याला घोंगडी किंवा चादर, दोन्ही टोकांना पक्की गाठ. साप चावला, बाळंतीण अडली, झाडावरून कुणी पडलं की ही झोळी निघायची. पुढे-मागे खांदा देणारे गडी, बाजूने बदलीची माणसं आणि सगळ्यांच्या पुढे बॅटरी धरलेला एखादा पोऱ्या. थोडं उतरलं की हाक यायची, "खांदा बदला रं!" थांबायचं नाही, चालता चालताच बांबू एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जायचा. लहानपणी त्या हाकेची मला भीती वाटे. पहाटे माणसं रिकामा बांबू घेऊन परतली, तर ज्याला नेलं तो दवाखान्यात पोचला एवढंच कळे. पुढचं कळायला कुणीतरी बाजाराला जाऊन यावं लागे.

आमची वाडी आहे ते कर्जत-खालापूर म्हणजे काही दूरचं रान नव्हे. मुंबईची लोकल कर्जतपर्यंत येते. 1850 साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानवर चढला आणि 1907 साली नेरळहून छोटी रेल्वेही डोंगरावर गेली. खालापुरातून मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग जातो. त्याच डोंगरांच्या उतारावरच्या कितीतरी ठाकूरवाड्यांना मात्र आजही पायवाटच आहे. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा ही पायवाट साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. यंत्रं वर चढेनात, म्हणून जवानांनी हातांनी माती उपसली. मदतीला चढताना अग्निशमन दलाचा एक अधिकारी हृदयविकाराने गेला. 27 मृतदेह मिळाले आणि 57 माणसं बेपत्ता राहिली. त्या डोंगरावर आमची सोयरीक आहे. त्या दिवसांत आमच्या वाडीत पाऊस वाढला की कुणी झोपत नसे.

अशाच एका पावसाळ्यात आई पडली. सकाळी डोकं फार दुखतंय म्हणाली. मग उलटी झाली, उजवा हात लोंबकळला, शब्द एकमेकांत अडकायला लागले. रक्तदाबाची गोळी तिला चालू होती, पण बरं वाटतंय म्हणून तिने मध्येच सोडली होती. नुसता दाब वाढला तर बहुतेकदा काही दुखत नाही, त्यामुळे गोळी फुकटच खातो असं वाटतं. आमच्याकडे बरीच माणसं असंच करतात. कुणीतरी भगताचं नाव काढलं. भगत आला, आईचा चेहरा बघितला आणि म्हणाला, "हे माझं काम न्हाई. बांबू आणा." पहिला खांदा त्यानेच दिला.

108 ची गाडी डांबरी संपते तिथे उभी होती. कर्जतला डॉक्टरांनी दाब मोजला आणि मुंबईला न्यायला सांगितलं. तिथे सीटी स्कॅनमध्ये दिसलं की मेंदूत रक्तस्राव झालाय. रक्ताची गुठळी अडकली तरी आणि नस फुटली तरी, बाहेरून पक्षाघात सारखाच दिसतो. उपचार मात्र अगदी उलटे. गुठळी विरघळवायचं औषध रक्तस्राव झालेल्या माणसाला दिलं तर जीवच जाऊ शकतो. म्हणून स्कॅनशिवाय कुणी काही ठरवत नाही, आणि म्हणून डोंगरावर गेलेला प्रत्येक तास महाग पडतो.

पहिले काही दिवस डॉक्टर एकच सांगत, सूज उतरायची वाट बघायची. राऊंडला आले की आईला हाक मारत, डोळे उघडते का, बोलते का, हात हलवते का ते बघत आणि कागदावर आकडा लिहीत. तीन म्हणजे सगळ्यात वाईट, पंधरा म्हणजे पूर्ण शुद्धीवर. आम्ही त्या आकड्यावर जगायला शिकलो. आरोग्यमित्राच्या खिडकीत रेशनकार्ड आणि आधार दाखवून महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा कागद झाला. तो होईपर्यंत भावाने जिने मोजले.

बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुषाला थांबू देत नाहीत. म्हणून मी आणि वहिनी. नाकातल्या नळीतून पातळ अन्न द्यायचं, तोंड पुसायचं आणि पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं. पहिल्यांदा वळवताना आम्हा दोघींना जमेना. तेव्हा वॉर्डातल्या मावशींनी आईच्या अंगाखाली आडवी चादर सरकवली, चार कोपरे चौघींना धरायला दिले आणि म्हणाल्या, "एकदम उचला." शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची सून आणि समोरची एक आजी न सांगता येऊन उभ्या राहिल्या. आई अलगद उचलली गेली. ही तर झोळीच; पुढची रीत मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

वॉर्डातही खांदा बदलावाच लागतो, हे मात्र तिथे नव्याने समजलं. जी एकटीच रात्रंदिवस बसते ती चौथ्या-पाचव्या दिवशी औषधाची वेळ चुकवते, नर्सवर ओरडते आणि शेवटी स्वतःच आजारी पडते. वाडीतून पाळीपाळीने बाया येत राहिल्या. कुणाकडे पैसे नव्हते. कुणी भाकरी आणली, कुणी नुसतीच बसली आणि म्हणाली, "तू नीज." पेशंटला भेटायला जाणाऱ्यांनी फळांपेक्षा ही एक रात्र न्यावी.

आई घरी आली तीही झोळीतूनच, या वेळी चढावर. फिजिओथेरपीच्या डॉक्टरांनी शिकवलेला व्यायाम आम्ही घरीच करून घेतो, कारण रोज खाली नेणार कसं? आता ती भिंतीला धरून अंगणापर्यंत जाते, डाव्या हाताने जेवते आणि माझं नाव नीट घेते. गोळी चुकत नाही. आशाताई येऊन दाब मोजून जाते.

दर पावसाळ्यात झोळीचे फोटो छापून येतात आणि माणुसकीचं कौतुक होतं. ते कौतुक आता पुरे. आजाऱ्याशेजारी बसायला, त्याला वळवायला, भरवायला माणसांचे खांदे लागतातच. ते आमच्याकडे आहेत आणि कधी कमी पडले नाहीत. पण डोंगर उतरवणं हे रस्त्याचं काम आहे. प्रत्येक वाडीच्या तोंडाशी रुग्णवाहिका उभी राहील एवढा रस्ता आम्हाला हवा आहे, आणि तो मागायला आता वाडीबाहेरच्यांनीही खांदा द्यावा.