दुसऱ्या डोसाचा हिशेब

छत्रपती संभाजीनगरात पशुवैद्यकीय दवाखाना काढावा की नाही, याचा विचार करताना माझं एक मत पक्कं झालं. इथला बाजार प्राण्यांच्या संख्येवरून कळत नाही, दुसऱ्या डोसाला परत येणाऱ्या पिल्लांवरून कळतो. 6 ते 8 आठवड्यांच्या पिल्लाला पहिली लस देतात. पुढे 16 आठवड्यांपर्यंत दर 3-4 आठवड्यांनी डोस असतात, 12 आठवड्यांनंतर रेबीजची लस आणि मग ठरावीक काळाने बूस्टर. पहिला डोस हौसेपोटीही दिला जातो. तारखा पाळणारं घर मात्र पुढे नसबंदीचा आणि म्हातारपणातल्या तपासण्यांचाही खर्च करतं. दवाखान्याचं भाडं निघतं ते अशा घरांवर.

म्हणूनच 2011 च्या जनगणनेतल्या पावणेबारा लाख लोकसंख्येवरून पाळीव कुत्र्यांचा अंदाज बांधणं मला फसवं वाटतं. सिडकोतली घरं, सातारा-देवळाईतले फ्लॅट, बजाजनगरातली पाळीत काम करणारी कुटुंबं आणि जुन्या शहरात दारात बांधलेल्या शेळ्या, यांच्या गरजा वेगवेगळ्या आहेत. त्यात अंतराचाही प्रश्न आहे. पार्व्हो हा विषाणूजन्य आजार झालेल्या पिल्लाला अनेकदा तीन-चार दिवस रोज सलाईन लावावं लागतं. एकाने दुचाकी चालवायची आणि दुसऱ्याने टॉवेलात गुंडाळलेलं, रक्ताची हगवण लागलेलं पिल्लू मांडीवर धरायचं, असा प्रवास एप्रिल-मेच्या उन्हात शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रोज कोण करणार? त्यामुळे मुख्य रस्त्यावरच्या दर्शनी गाळ्यापेक्षा वस्तीजवळची जागा आणि रात्री नऊपर्यंतची वेळ मला मोलाची वाटते.

खडकेश्वरला सरकारी पशुचिकित्सालय असताना लोक खासगीत पैसे का देतील, असा आक्षेप रास्त आहे. पण सरकारी यंत्रणेवर पहिला हक्क शेतकऱ्याच्या गाई-म्हशींचा आणि शेळ्यांचा आहे, आणि तो तसाच राहायला हवा. संध्याकाळची वेळ आणि रोजची देखरेख ही खासगी दवाखान्याची जागा आहे. दुसरा आक्षेप स्पर्धेचा. परभणी आणि उदगीरच्या महाविद्यालयांतून दरवर्षी नवे डॉक्टर बाहेर पडतात, दर पडतील. तरीही लसीवर स्वस्ताईची चढाओढ करू नये. लस 2 ते 8 अंशांत राहिली नाही तर तिचा भरवसा उरत नाही. फ्रीजला इन्व्हर्टर हवाच, आणि काही दिवसांआड नळ येणाऱ्या या शहरात पिंजरे, फरशी धुण्यासाठी मोठी टाकी आणि टँकरचा खर्चही पहिल्या दिवसापासून धरायला हवा. तो धरून आकारलेली फी महाग नसते, खरी असते.

हा सेवेचा धंदा नाही का, असंही विचारलं जातं. आहेच. पण दोन वर्षांत कुलूप लागलेला दवाखाना भटक्या कुत्र्याच्याही कामाचा नसतो. म्हणून पहिले सहा महिने गल्ल्याइतकंच लसीकरणाचं रजिस्टर पाहावं. पहिला डोस घेतलेल्या दहा पिल्लांतली निम्मीही तारखेला परतत नसतील, तर गिऱ्हाइकाला दोष न देता जागा, वेळ आणि आपलं समजावून सांगणं तपासावं. कारण चुकलेली प्रत्येक तारीख आपल्यासाठी बुडालेली फी असते, पण पिल्लाचा तिथे जीव जाऊ शकतो.