एका बरोबरची गोष्ट

"मॅडम, एरर येतोय!" पायथनच्या वर्गात 'इफ' शिकवायला घेतलं की ही हाक हमखास येते. उदाहरण दहावीच्या निकालाचं: गुण 35 किंवा जास्त असतील तर पास. कुणी ओळीच्या शेवटचा कोलन विसरतं, कुणाची खालची ओळ आत सरकवायची राहते, कुणी 'एल्स'पुढेच नवी अट लिहून मोकळं होतं. '>=' ऐवजी '=>' लिहिणारेही असतातच.

मुरलेली शिक्षिका अशा वेळी कीबोर्डला हात लावत नाही. "काय लिहून आलंय ते मोठ्यानं वाच," एवढंच म्हणते. लॅबमध्ये जुनं पायथन असलं, तर मुलगा बाण दाखवलेल्या ओळीकडे टक लावून बसतो. तिथे सगळं ठीक असतं. "आता वरची ओळ बघ." वर उघडलेला कंस बंदच झालेला नसतो. ऑक्टोबर 2021 मध्ये आलेल्या 3.10 आवृत्तीनं ही वणवण पुष्कळ कमी केली. कंस बंद केलेला नाही, इथे कोलन हवा होता, एका बरोबरऐवजी दोन म्हणायचे होते का, असं ती सरळ सांगते. नवख्यांवर हे मोठे उपकार आहेत.

त्यातही बरोबरच्या चिन्हापाशी थांबायलाच हवं. '=' म्हणजे किंमत ठेवा, '==' म्हणजे तुलना करा. अटीत 'गुण = 35' लिहिलं की पायथन तिथेच अडवतं. सी भाषा अडवत नाही. ती गुणांमध्ये 35 भरते, शून्य नसलेली किंमत खरी धरते आणि भोपळा मिळालेला विद्यार्थीही पास होतो.

नोव्हेंबर 2003 मध्ये लिनक्स कर्नलच्या एका प्रतीत कुणीतरी नेमकं हेच मुद्दाम घुसवलं. 'वेट4' फंक्शनमध्ये दोनच ओळी. यूआयडी, म्हणजे वापरकर्त्याचा क्रमांक, शून्य आहे का हे तपासल्याचा आव. प्रत्यक्षात विशिष्ट पर्याय दिले की यूआयडी शून्यच होणार, म्हणजे थेट रूटचे, सर्वोच्च अधिकार. मूळ भांडारात त्या बदलाची नोंद नव्हती, म्हणून तो वेळीच पकडला गेला.

कोलन राहिला तर यंत्र सांगतं, अट चुकली तर सांगत नाही. म्हणून शिकणाऱ्याच्या शेजारी बसणाऱ्यांना विनंती: कोलन त्याचा त्यालाच टाकू द्या, आणि प्रोग्रॅम चालला की 34, 35 आणि 36 असे तिन्ही गुण देऊन निकाल बघायला सांगा.