आप्पा मागच्या सीटवर बसले

माझं माहेर अहमदाबादचं. लग्न होऊन नाशिकला आले तेव्हा शेजारणी विचारायच्या, "गुजरातेत मराठी घरं कशी हो?" अहो, १८१७-१८ पर्यंत तिथे मराठ्यांचा अंमल होता! काही घरं मागे राहिली ती राहिलीच.

माझे वडील, आप्पा, एका गिरणीमालक शेठजींकडे ड्रायव्हर होते. शेठजींची रोल्स-रॉइस होती. रविवारी आप्पा ती पुसायचे, तेव्हा मी चाकांचे आरे पुसायला जायची. आईच्या जुन्या सुती साडीचे तुकडे घेऊन! पण आत बसायचं नाव काढलं, की आप्पा म्हणायचे, "गाडी शेठची आहे, बेटा."

गेल्या दिवाळीत आम्ही माहेरी गेलो. आप्पा आता चौऱ्याऐंशीचे. आई गेल्यापासून घराबाहेर पडायचं म्हटलं, की नकोच म्हणतात. ह्यांनी युक्ती काढली, "आप्पा, कठवाड्याला जुन्या मोटारी बघायला येता का?" आणि काय आश्चर्य, आप्पा लगेच चपला शोधायला लागले!

शहराबाहेर कठवाड्याला दास्तान फार्मवर 'ऑटो वर्ल्ड' हे संग्रहालय आहे. प्राणलाल भोगीलाल यांनी जमवलेल्या शंभरावर जुन्या मोटारी तिथे आहेत. राजेरजवाड्यांच्या, गोऱ्या साहेबांच्या, शेठ-सावकारांच्या. रोल्स-रॉइसच्या नाकावरची ती पंख पसरलेली बाई चार्ल्स साइक्स नावाच्या शिल्पकारानं १९११ मध्ये घडवली. दुसऱ्या महायुद्धापर्यंत कारखाना नुसता सांगाडा आणि इंजिन द्यायचा. वरचा डौल ज्याने त्याने आपल्या हौसेप्रमाणे दुसऱ्या कारागिरांकडून करून घ्यायचा. आपण नाही का, कापड एका दुकानातून घेतो आणि ब्लाउज आपल्या शिंपिणीकडून शिवतो!

एक मिस्त्री दिवा पुसत होते. आप्पांना राहवेना. "भाई, फडकं झटकून घ्या. धूळ राहिली, की चरे पडतात." मिस्त्री हसले आणि त्यांनी फडकं आप्पांच्याच हातात दिलं. एक मलाही मिळालं. आम्ही दोघं मुकाट्यानं पुसत होतो. मध्येच आप्पा म्हणाले, "पितळेसारखी चिंच लावायची नाही हं. मुलामा जातो." माझे केस पिकले, तरी हा धडा चुकला नाही!

वेगळं तिकीट काढलं, की तिथे जुन्या मोटारीतून फेरीही मारता येते. आम्ही काढलं. ड्रायव्हरनं मागचं दार उघडलं. आप्पा सवयीनं पुढच्या दाराकडे वळले. मी हात धरला. "आप्पा, आज मागे."

ते उभेच राहिले. क्षणभर वाटलं, बसणार नाहीत. मग कोट सारखा केला आणि टोपी काढून आत शिरले. मी शेजारी बसले. गादी अशी मऊ, की माणूस आत रुततो. इंजिन सुरू झालं, तर मुळी आवाजच नाही! गाडी झाडांखालून हळूहळू निघाली. आप्पा बाहेर बघतच नव्हते. त्यांचं लक्ष ड्रायव्हरच्या हाताकडे. गिअर बदलला, की त्यांचा डावा पाय आपोआप हलायचा.

उतरल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं?"

"गाडी बरी ठेवलीय," आप्पा म्हणाले. थोडं चालल्यावर थांबले. "शेठाणीबाई मागे बसायच्या ना, त्यांना रस्ता दिसायचा नाही ग. समोर फक्त माझी पाठ. मला वाटायचं, काय सुखात आहेत!"

घरी आल्यावर रात्री ते दोन भाकऱ्या जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर काय, आप्पा अंगणात ह्यांची गाडी पुसताहेत. हातात आईच्या साडीचा तुकडा.

मैत्रिणींनो, अहमदाबादला गेलात तर थंडीत जा, सकाळी लवकर निघा, आणि रिक्षावाल्याला परतीचंही सांगून ठेवा. घरात कुणी जुनं माणूस असेल, तर त्यांना आवर्जून बरोबर न्या. आणि जमलं तर मागच्या सीटवर बसवा.