सांबराच्या पहिल्या शिकारीची तयारी
ब्रिटिश काळात कोलकात्यातल्या हौशी शिकाऱ्याची तयारी डलहौसी चौकाच्या परिसरातल्या बंदुकांच्या दुकानांतून सुरू होई. परवाना, रायफल, काडतुसे झाली की नेमबाजीचा सराव. सांबराचा नर अडीचशे किलोंच्याही वर भरतो. जखमी होऊन निसटला तर दाट रानात हाल होऊन मरतो. म्हणून खांद्यामागे अचूक नेम, ही पहिली शिस्त. दुसरी वाऱ्याची. चिमूटभर धूळ बोटांतून सोडून दिशा पाहायची, कारण सांबराचे नाक तिखट. तिसरी धीराची. तासन्‌तास निश्चल बसलेल्याला रान दिसू लागते आणि कधी कधी चाप ओढण्याची इच्छाच ओसरते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला. १९९१ च्या दुरुस्तीने हा छंद संपवला. ते योग्यच झाले.