आगरदांड्याचे बिऱ्हाड

बिऱ्हाड हलविणे म्हणजे सामान हलविणे अशी आम्हा मोठ्या माणसांची समजूत असते. भांडी मोजून घेतली, ट्रंकांना दोऱ्या आवळल्या, गॅसची बदली झाली, दूधवाल्याचा हिशेब चुकता केला, की आपण मोकळे. मुलांचे घर मात्र या यादीत कुठेच नसते. खिडकीचा एखादा गज, जिन्याची तिसरी पायरी, समोरच्या काकूंच्या दारातले मांजर, असे त्यांचे घर पसरलेले असते आणि ते टेंपोत चढत नाही. हे मला फार उशिरा कळले, आणि ते आगरदांड्याने शिकविले.

मी बँकेतला माणूस. २०१९ च्या दिवाळीनंतर माझी बदली मुरुडला झाली. थोरली तेव्हा सात वर्षांची, धाकटा चौथ्यात. मुरुडात घरे पाहिली, पण जरा बरे घर दिसले की ते पर्यटकांसाठी राखलेले. शेवटी कचेरीतल्या एका सद्‌गृहस्थांनी आगरदांड्याचे एक बंद घर सुचविले. मालक मुंबईत, घर उघडे राहील, दिवाबत्ती होईल, एवढीच त्यांची अपेक्षा.

"अहो, पण आहे कुठे ते?" सौभाग्यवतींनी विचारले.

"मुरुडच्या पुढे. रस्ता संपतो तिथे."

"रस्ता संपतो तिथे दोन मुलांना घेऊन जायचे?" असे म्हणून तिने दादरच्या दोन खोल्यांचे पडदे काढून घडी घातले, एका पत्र्याच्या पेटीत ठेवले आणि पेटीला कुलूप लावले. "ही पेटी तिकडे उघडायची नाही. परत येऊ तेव्हा उघडू." मी मान डोलावली. परत येण्याची सोय बरोबर घेऊन निघालेले आमच्यासारखे प्रवासी थोडे असतील!

अलिबाग मागे पडले, रेवदंड्याजवळ कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडला, की रस्ता समुद्राशी लपंडाव खेळू लागतो. काशीद, नांदगाव, मुरुड. मुरुडच्या पुढे डोंगर आणि खाडी यांच्यामधून तो राजपुरीच्या खाडीवर उतरतो आणि धक्क्यावर येऊन खरोखरच थांबतो. हेच आगरदांडा. समोर पाण्यापलीकडे दिघी. मोटारींसकट माणसांना पलीकडे नेणारी फेरीबोट इथून सुटते. ती नसेल तर खाडीला लांबलचक वळसा घालावा लागतो. आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग, आणि मिठागरालाही आगरच म्हणतात. आम्हाला जे घर मिळाले ते पहिल्या प्रकारच्या आगरातले होते.

कौलारू घर, पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे पडवी, आणि परसात अकरा माड, पोफळींच्या रांगा व कठड्याची विहीर. रीतीप्रमाणे नव्या घरात दूध उतू घालायचे म्हणून सौ.ने पातेले चुलीवर ठेवले. दूध उतू जाताना पाहून धाकट्याने भोकाड पसरले, "आई, सांडलं! आता आपण घरी जाऊ या!"

ते रडणे पंधरा दिवस चालले. दिवसा तो खेळे. दिवेलागण झाली, पोफळींमध्ये वारा सळसळू लागला, की त्याला 'आपले घर' आठवे. आम्ही नवी खेळणी आणली, भिंतीवर चित्रे चिकटवली. कशाचा उपयोग झाला नाही. मला तर मुलांपेक्षा विहिरीचीच धास्ती. पहिल्याच रविवारी मी तिच्यावर लोखंडी जाळी बसवून घेतली आणि खाडीवर एकटे जायचे नाही असा दंडक घातला. लहान मुले घेऊन नव्या जागी जाणाऱ्या वाचकांनी दिवाणखाना मागाहून लावावा. आधी विहीर, गच्ची आणि विजेची बटणे पाहावीत.

मार्ग दाखवला तो शेजारच्या कोळीण आजींनी. एके संध्याकाळी त्या कुंपणाशी आल्या आणि धाकट्याला म्हणाल्या, "ये, तुला चालणारा मासा दाखवते." ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडला होता. तिवरांच्या मुळांशी निवट्या होत्या. पुढच्या परांवर उड्या मारीत त्या चिखलातून धावत आणि माणसाची चाहूल लागताच बिळात शिरत. धाकटा रडायचे विसरला. रात्री झोपताना त्याने एवढेच विचारले, "निवट्या झोपल्या असतील?" त्यांची झोप झाली की नाही कोण जाणे, आमची मात्र त्या रात्रीपासून होऊ लागली.

थोरलीला आजींनी दुसरे धन दिले. खाडीच्या गावात घड्याळापेक्षा भरती-ओहोटी महत्त्वाची, आणि भरतीची वेळ तिथीवरून काढायची. तिथीची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या ठोक्याच्या सुमारास भरती पुरी होते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दिवसातून दोन भरत्या, आणि रोज पाऊण तासाने पुढे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी फारसे चढत नाही. आमच्या आजोबांना पाऊणकी तोंडपाठ होती. मी ती कधी शिकलो नाही. ती माझ्या मुलीने एका कोळीण आजींपुढे बसून पाठ केली. भिंतीवरचे तिथीचे कॅलेंडर तिच्या ताब्यात गेले आणि बाहेरगावचे पाहुणे आले की ती त्यांना विचारू लागली, "भरती किती वाजता, सांगू?"

रविवारी आम्ही फेरीने दिघीला जाऊन येत असू. बोट मधोमध आली की खाडीच्या मुखाकडे जंजिरा दिसे. सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांना कधी जिंकता आला नाही. शिवाजीमहाराजांनी त्याच्यावर वचक ठेवण्यासाठी जवळच्याच खडकावर पद्मदुर्ग उभारला. १६८२ च्या सुमारास संभाजीमहाराजांनी तर राजपुरीच्या किनाऱ्यापासून समुद्रात भर घालून वाट काढण्याचा यत्न केला. जंजिऱ्याचे संस्थान १९४८ साली विलीन झाले. मी हे सारे रंगात येऊन सांगितले. थोरलीने ऐकून घेतले आणि म्हणाली, "बाबा, भर घालताना त्यांनी उधाण धरलं होतं का?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. फेरी बंद, शाळा बंद. कुंपणाशी गप्पा मारणारी माणसे चार हात दूर उभी राहून बोलू लागली. समोरच्या घरातले चाचा ईदचा शीरखुर्मा पायरीवर ठेवून मागे सरत आणि मग हाक मारीत. दोन महिने आम्ही कोणाचा उंबरठा ओलांडला नाही. सौ. रात्री त्या पेटीकडे बघे. मी काही बोलत नसे.

मग ३ जून आला. निसर्ग चक्रीवादळाची सूचना आदल्या दिवसापासून गावात फिरत होती. होड्या खाडीत आत तिवरांच्या आडोशाला बांधल्या होत्या. सकाळी चाचा आले आणि या खेपेस पायरीवर थांबले नाहीत. "कौलांखाली थांबू नका. पोरांना घेऊन आमच्याकडे चला. स्लॅबचं घर आहे." सौ. क्षणभर घुटमळली. चाचा म्हणाले, "भाभी, तो आजार पुढे बघू. हे आज आहे." त्यांच्या एका खोलीत आम्ही अठरा माणसे बसलो. आजीही होत्या.

बाराच्या पुढे वाऱ्याने जो सूर धरला तो मी पूर्वी ऐकला नव्हता, पुन्हा ऐकू नये. पुढे वाचले की वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. प्रथम फांद्या गेल्या, मग पत्रे, मग आमची कौले एकेक रांग उचकटून निघाली. माड वाकत, उठत, आणि एखादा उठत नसे. "पाणी चढलं तर?" कोणीतरी पुटपुटले आणि खोली गप्प झाली. धाकटा माझ्या गळ्याला मिठी मारून थरथरत होता.

तेव्हा आजींनी थोरलीला विचारले, "आज तिथ कोणती गं?"

"सकाळी द्वादशी संपली. त्रयोदशी लागली."

"मग भरती?"

तिने डोळे मिटले. "तेरा पाऊणे... पावणेदहा. आजी, भरती होऊन गेली. आता ओहोटी लागली!"

"मग पाणी उतरतंय," आजी म्हणाल्या आणि खोलीत सर्वांनी एकदम श्वास सोडला. जन्म खाडीवर काढलेल्या बाईला हे ठाऊक नव्हते थोडेच! पण ते तिने माझ्या मुलीकडून वदविले. रात्रीच्या भरतीला, दहाच्या सुमारास, आम्ही सगळे पुन्हा जागे होतो. पण तोवर वारा पडला होता.

सकाळी बाहेर आलो तो गाव ओळखू येईना. अकरा माडांपैकी चार उभे होते. पोफळी तर मुळासकट आडव्या. पोफळीला धरायला पाच-सहा वर्षे लागतात, माडाला त्याहून अधिक; म्हणजे त्या दोन-अडीच तासांत किती वर्षे पडली याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. वीज कित्येक आठवडे नव्हती. चार दिवसांनी मेहुण्यांचा निरोप पोहोचला, "गाडी पाठवतो, निघून या."

मी निरोप सांगितला तेव्हा सौ. ओटीवर होती. समोर आजींच्या घरी कौले शाकारण्याचे काम चालले होते आणि हातोहात कौले देणाऱ्या साखळीत आमची थोरली उभी होती. धाकटा फुटकी कौले वेगळी काढीत होता. ती म्हणाली, "त्यांना बोलवा." मी हाक मारली. थोरली तिथूनच ओरडली, "बाबा, थांबा ना! आपल्या घरावर अजून चढवायची आहेत!"

आपल्या घरावर. सौ. उठली आणि आत गेली. ती पेटी पावसाने चिंब झाली होती. तिने कुलूप काढले. दादरचे पडदे उन्हात दोरीवर वाळत घातले आणि संध्याकाळी माजघराच्या खिडक्यांना लावले. वीतभर आखूड पडले. मेहुण्यांना मी नको म्हणून कळविले.

२०२२ मध्ये पुन्हा बदली झाली. आता आम्ही डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहतो. इथे दूध उतू घातले तेव्हा रडायची पाळी माझी होती. खाडीवर आता पूल बांधायचे ठरले आहे. म्हणजे आगरदांड्याला रस्ता संपणार नाही. व्हावाच पूल, रात्री-अपरात्री आजारी माणसाला घेऊन फेरीची वाट पाहणे काय असते ते तिथल्यांना विचारावे.

त्या पावसाळ्यात मुलांनी परसात दोन माड लावले होते. गेल्या सुट्टीत जाऊन पाहिले. धाकट्यापेक्षा उंच झाले आहेत. नारळ अजून धरलेला नाही. आमच्या जागी आता दुसरे एक बिऱ्हाड आले आहे, त्यांचीही दोन लहान मुले आहेत. त्यातले एक दारात बसून रडत होते. धाकट्याने त्याचा हात धरला आणि खाडीकडे बोट दाखवीत म्हटले, "चल, तुला चालणारा मासा दाखवतो."

थोरलीने आधी तिथी पाहिली. ओहोटीच होती.